एलरफर्डचं दानपत्र

ईस्टरआधीच्या उपासाचा पहिला सोमवार

मोठ्या राजाचा पाद्री आज दुपारी आला. नाव प्लेग्विन. बरोबर चार घोडेस्वार, आणि चौघांनाही उपास म्हणजे काय ते ठाऊक नसावं. मी सर्वांना वाटाण्याचं कालवण आणि जवाची भाकरी वाढायला लावली. एकाने मासे नाहीत का विचारलं. नदी दारात आहे, उतर, असं सांगितलं.

प्लेग्विनने निरोप उभ्याउभ्याच दिला. सगळ्या मठांनी आपापली जुनी दानपत्रं ईस्टरनंतरच्या आठवड्यात राजसभेत आणायची. मोठा राजा ती जाळणार आणि त्याच जमिनी स्वतःच्या नावाने पुन्हा दान करणार. म्हणजे आमचंच आम्हाला द्यायचं, वर उपकार.

एलरफर्डच्या या मठाचं दानपत्र माझ्या वडिलांनी दिलेलं आहे. बत्तीस वर्षं झाली. "मी, हेल्सेते लोकांचा राजा" अशी त्याची सुरुवात. कुणाच्या परवानगीने, कुणाच्या कृपेने, असलं काही त्यात नाही. तीस नांगर जमीन, नदीवरचा बंधारा, वामी धरायचे पिंजरे आणि टेकडीवरचं रान. त्या दिवशी वडिलांनी याच जमिनीतला हिरवळीचा तुकडा कुदळीने कापला आणि दानाची खूण म्हणून स्वतःच्या हातांनी वेदीवर ठेवला. मी शेजारी उभी होते. समुद्रापलीकडच्या मठात सात वर्षं शिकून नुकतीच परतले होते. सगळं लॅटिन मला समजत होतं आणि वडिलांना एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण त्यांनी सहीच्या जागी क्रूस काढला तेव्हा पन्नास माणसं गप्प झाली.

प्लेग्विनने पत्र पाहायला मागितलं. मी दाखवलं, हातातून सोडलं नाही. त्याने ते खिडकीशी न्यायला लावलं, ओठ हलवत वाचलं, दोन शब्द चुकीचे वाचले, मी दोन्ही सुधारून दिले. मग खालच्या साक्षीदारांच्या क्रुसांवरून त्याने अंगठा फिरवला. सावकाश, एकेक.

"इथे प्रत्येकाने आपापल्या हाताने क्रूस काढलाय," तो म्हणाला. "हल्ली सगळे लेखनिकच काढतो."

"तेव्हा माणसांना हात होते," मी म्हटलं.

तो हसला. मला त्याचं हसणं आवडलं नाही. नव्या पत्रात माझ्या भावाला काय म्हणणार, असं मी विचारलं. ते राजेसाहेब ठरवतील, म्हणाला. ठरलेलं आहे हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

बुधवार

पत्र देणार नाही. आमच्याकडे कायदा सरळ आहे: ज्याच्या पेटीत पत्र, त्याची जमीन. ते जळलं की एलरफर्ड आमचं उरलं नाही, राजाची लहर उरली. आणि वडील राजे होते याचा जगात दुसरा लेखी पुरावा नाही.

भाऊ राजा आहे का हा प्रश्न वेगळा. विगहर्ड माझ्याहून चार वर्षांनी लहान. गादीवर बसला तेव्हा राजा होता. दहा वर्षांपूर्वी मोठ्या राजाच्या लेखनिकाने त्याच्या नावापुढे 'मांडलिक राजा' लिहिलं आणि याने त्यापुढे मुकाट्याने क्रूस काढला. मी विचारलं तर म्हणाला, ताई, एक शब्द वाढला, कमी तर नाही झाला. असा हा माणूस.

तीन वर्षांपूर्वी त्याचा एकुलता एक मुलगा बेर्नविन मोठ्या राजाच्या वाड्यावर पाहुणा म्हणून गेला. तिथे पाहुण्याला जेवायला देतात, शिकारीला नेतात. फक्त घरी सोडत नाहीत.

शनिवार

विगहर्ड आला. पाय लंगडतो, घोड्यावरून उतरायला दोन माणसं लागली. उतरल्यावर पहिला प्रश्न, ताई, खायला काय आहे. त्याला खारवलेली वाम दिली, कारण आजाऱ्याला उपास माफ असतो. दोन वाट्या खाल्ल्या. आजारी माणूस इतकं खात नाही, असं मी म्हटलं. तो म्हणाला, तुझ्या मठात पोट भरतं, तोंड नाही, म्हणून दोनदा घ्यावं लागतं.

मग मुद्द्यावर आला. राजाचा सौदा त्याने सांगितला. हेल्सेते लोकांनी यापुढे राजा म्हणवणारा माणूस ठेवायचा नाही. विगहर्डने नव्या पत्रावर 'राजाचा सरदार' म्हणून क्रूस काढायचा आणि एलरफर्डचं जुनं पत्र आपल्या हाताने आगीत टाकायला द्यायचं. बदल्यात जमीन मठाकडेच राहील आणि बेर्नविन घरी येईल.

"आणि नाही दिलं तर?"

"तर नाही येणार."

"मेला तर नाही ना तो. गेल्या नाताळात निरोप होता, मजेत आहे म्हणून."

"ताई, तो निरोप कुणी लिहिला होता?"

मला काय ठाऊक. बेर्नविनला लिहिता येत नाही. मी शिकवायला मागितलं होतं, याच्याच बायकोने नको म्हटलं, देव तिला शांती देवो.

मी विगहर्डला स्पष्ट विचारलं, आधी 'राजा', मग 'मांडलिक राजा', आता 'सरदार', पुढच्या वेळी काय, घोडेवाला? तो म्हणाला, घोडेवाल्याचा मुलगा घरी झोपतो.  मी त्याला वडिलांची आठवण करून दिली. तो म्हणाला, वडिलांकडे दोनशे भाले होते, माझ्याकडे चाळीस आहेत, त्यातल्या दहांच्या टोकाला गंज आहे. मी म्हटलं, गंज भाल्याला नाही, धरणाऱ्याला चढलाय.

 जाताना आपल्या मुलीला भेटून गेला. टाटे सहा वर्षांची असल्यापासून माझ्याकडे आहे. आता एकोणीस पूर्ण. माझ्यानंतर या मठाचा लेखनाचा हात तीच आहे. बापलेक फार बोलत नाहीत. तिने त्याच्या घोड्याचा लगाम धरला, एवढंच.

उपासाचा दुसरा मंगळवार

सुचलं. इतकं सोपं आहे की पहिल्याच दिवशी कसं सुचलं नाही.

राजाला पत्र हवंय ना, पत्र मिळेल. टाटे नक्कल करेल. शब्दाला शब्द, ओळीला ओळ, क्रुसाला क्रूस. ती नक्कल विगहर्ड घेऊन जाईल, राजा ती जाळेल, आणि वडिलांचं पत्र इथेच पेटीत राहील. राजे येतात, मरतात. आज नाही तर चाळीस वर्षांनी माझ्यासारखी कुणीतरी मठमाता ते बाहेर काढेल आणि हेल्सेते पुन्हा हेल्सेते होतील.

विगहर्डला सांगणार नाही. त्याला खोटं बोलता येत नाही. लहानपणी मध चोरायचा आणि चिकट हातांनी येऊन विचारायचा, मध कुणी खाल्ला.

माझे डोळे गेल्या दोन वर्षांत नक्कल करण्याजोगे राहिले नाहीत. हातभर लांबून मोठं अक्षर दिसतं, बारीक पुसट होतं. टाटेला बोलावून सांगितलं. तिने आधी दार लावलं. मग म्हणाली:

"आत्या, हे पाप नाही का?"

"नक्कल करणं पाप असतं तर बायबल एकच असतं," मी म्हटलं.

"पण आपण ते खरं म्हणून देणार."

"शब्द खरेच आहेत. कातडं नवं आहे, इतकंच."

तिने मान हलवली. मुलगी आज्ञाधारक आहे.

गुरुवार

बत्तीस वर्षांपूर्वीच्या चामड्यासारखं चामडं शोधण्यात दोन दिवस गेले. शेवटी जुन्या स्तोत्रांच्या पोथीचं मागचं कोरं पान कापून काढलं. देव क्षमा करेल, ते पान त्याच्यासाठी कोरंच होतं.

उपासाचा तिसरा रविवार

टाटेची बोटं शाईने काळी. अक्षर हुबेहूब. वडिलांचा क्रूस तिला जमेना. त्यांच्या उजव्या हाताला लढाईत जखम झाली होती, म्हणून आडवी रेघ उजवीकडे खाली उतरते. तिने तुकड्यांवर वीसेक क्रूस काढून पाहिले. मी म्हटलं, हात दुखतोय असं समजून काढ. तेव्हा जमला.

उपासाचा तिसरा बुधवार

चामडं अजून फार पांढरं दिसतं. स्वयंपाकघरात चुलीवर टांगलं, जिथे एरवी डुकराच्या मांड्या टांगतो. इब्बे तिथली जुनी स्वयंपाकीण. ती वर बघून मला म्हणाली, माई, उपासात कातडं शिजवायची वेळ आली का आपल्यावर, मला सांगितलं असतं तर कांदे घातले असते. तिला तोंड बंद ठेवायला सांगितलं. तिने ठेवलं, पण दिवसभर हसत होती.

पाच दिवस धुरावर राहील. रंग धरतोय.

मध्येच आज दुपारी बंधाऱ्यावर उभी असताना बेर्नविन आठवला. आठ वर्षांचा होता तेव्हा या बंधाऱ्यावरून पडला होता आणि मी हात धरून ओढलं होतं. खांदा निखळला. रडला नाही, मला म्हणाला, आत्या, तू फार जोरात ओढतेस. नक्कल पकडली गेली तर? हा विचार मी करून पाहिला. पकडली जाणार नाही, हे त्याचं उत्तर आहे. ज्या माणसाला दोन ओळींत दोन शब्द धड वाचता येत नाहीत तो काय पकडणार.

उपासाचा चौथा सोमवार

प्लेग्विन पुन्हा. दक्षिणेकडून परत येताना मुक्कामाला थांबला. जेवताना आपणहून सांगू लागला. खाली एका मठाने जुन्या पत्राऐवजी नक्कल दिली. चांगली होती म्हणे. पण साक्षीदारांचे सगळे क्रूस एकाच हाताचे, एकाच दाबाचे. खऱ्या माणसांपैकी कुणी दाबून काढतो, कुणी हलका, कुणाची लेखणी अडखळते. अंगठा फिरवला की कळतं.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"मठाचं काही नाही केलं. तिथल्या मठाधिपतीचा पुतण्या आमच्याकडे होता." त्याने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. "आता त्याला दिसत नाही. पण गातो छान. आंधळे गातात."

टाटे त्याच्या पेल्यात बिअर ओतत होती. ओघळ टेबलावर गेला. मी तिला रागावले, कारण पाहुण्यासमोर असं सांडणं मठात शोभत नाही. प्लेग्विन म्हणाला, असू दे, माई, हिच्या भावाला मी ओळखतो. त्याला आंघोळीचं पाणी गार आवडत नाही. आणि पुन्हा तसाच हसला.

हा माणूस धमकी देत होता, हे मला कळतं. ज्याच्याकडे पुरावा असतो तो धमकी देत नाही.

मंगळवार

टाटेने मला विचारलं, नक्कल नाही दिली तर चालेल का. मी विचारलं, म्हणजे खरं द्यायचं? ती म्हणाली, भाऊ आहे तो, आत्या. मी म्हटलं, मलाही भाऊ आहे आणि त्याच्यापायीच ही वेळ आली. शिवाय आईबाप, भाऊ, सगळं तू दारात ठेवून आत आलीस, सहा वर्षांची असलीस तरी. ती म्हणाली, मी नाही ठेवलं, मला ठेवलं. उद्धट उत्तर. तिला दोन दिवस फक्त पाणी आणि भाकरी सांगितली. बिनतक्रार घेतली.

हे लिहून ठेवते, कारण दैनंदिनीत खोटं लिहिण्यात अर्थ नाही: तिच्या त्या उत्तरानंतर मी बराच वेळ प्रार्थनेत लक्ष लावू शकले नाही.

झावळ्यांच्या रविवारनंतरचा मंगळवार

पत्र देते असा मी निरोप पाठवला होता, म्हणून विगहर्ड ते न्यायला आला. बरोबर सहाच माणसं. सभेला राजा जातो तेव्हा तीस असतात. सरदाराला सहा पुरतात, असं तो म्हणाला. हा त्याला विनोद वाटला.

दुपारी तो विहिरीच्या कट्ट्यावर टाटेशी बोलत बसला होता. बराच वेळ. मी खिडकीतून पाहिलं. तो पाय चोळत होता, ती मान खाली घालून बोलत होती. मग त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. पायाचं गाऱ्हाणं सांगत असणार. माझ्याकडेही तेच सांगतो.

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर देवळात देणं-घेणं झालं. टाटेला मी आधीच बजावून ठेवलं होतं: तागाच्या पांढऱ्या कापडातलं विगहर्डला, तपकिरी कापडातलं माझ्याकडे. तिने दोन्ही आणली. पांढरं त्याच्या हातात दिलं. मी हातभर लांबून पाहिलं, ओळी बरोबर, क्रूस बरोबर. मान्य करावं लागेल, मला स्वतःला फरक कळला नाही. मुलीचं काम चोख.

विगहर्डने ते उलगडलं आणि वडिलांच्या क्रुसावर बोट ठेवलं. मग रडू लागला. साठीला आलेला माणूस, मठाच्या मध्यभागी, सहा भालेकऱ्यांसमोर.

"ताई," तो म्हणाला, "तू देशील असं मला वाटलं नव्हतं."

 मला त्याची कीव आली आणि थोडी किळसही. स्वतःच्या बापाचा हात ज्याला ओळखता येत नाही, तो टाटेच्या शाईवर रडतो.

तपकिरी कापडातलं मी पेटीत ठेवलं आणि किल्ली गळ्यात घातली.

ईस्टर

प्रार्थना झाल्या. कोकरू चांगलं शिजलं होतं. इब्बेने कांदे घातले.

ईस्टरनंतरचा गुरुवार

काहीच बातमी नाही. सभा काल सुरू झाली असणार.

टाटे जेवत नाही. शिक्षा केव्हाच संपली, आता जेव म्हटलं. म्हणाली, भूक नाही. मी तिला लेखनिकाच्या कोठडीतून काढून बंधाऱ्यावर कामाला लावलं. हाताला काम असलं की माणूस कमी विचार करतो. मीही तिथे गेले. माझ्या वयाला वामींचे पिंजरे ओढणं झेपत नाही, तरी चार ओढले.

प्लेग्विनचा अंगठा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. समजा, पकडलं. समजा, बेर्नविनला तसं केलं. मी काय म्हणेन? म्हणेन, त्याच्या बापाने त्याला पाठवलं, मी नाही. हे खरं आहे. तरी चारही पिंजरे मी रिकामेच ओढले, आत बघितलंसुद्धा नाही, असं टाटे म्हणाली.

ईस्टरनंतरचा दुसरा सोमवार

आले. बेर्नविन घोड्यावर, दोन्ही डोळे जागच्या जागी.

मी दारातच उभी होते. बाकीचं विगहर्डने सांगितलं, जेवताजेवता, कारण तो दुसऱ्या कशाच्या वेळी काही सांगत नाही. प्लेग्विनने पत्र खिडकीशी नेलं. अंगठा फिरवला. पहिल्या क्रुसापासून शेवटच्या क्रुसापर्यंत, दोनदा. विगहर्ड म्हणतो, तेवढ्या वेळात त्याने मनात अख्खं आयुष्य जगून घेतलं. मग प्लेग्विनने राजाकडे बघून मान हलवली, खरं आहे. राजाने ते स्वतःच्या हाताने विस्तवात टाकलं. चामडं जळताना आकसलं. विगहर्डने नव्या पत्रावर क्रूस काढला, खाली लिहिलं होतं, 'राजाचा सरदार'. राजाने त्याला मधाची दारू पाजली आणि मुलगा परत केला.

इतकं मोठं नाव त्या अंगठ्याचं, आणि त्याला एका मठकन्येने फसवलं. मला हसू आवरलं नाही. विगहर्ड माझ्याकडे बघत राहिला. मी हसण्याचं कारण सांगितलं नाही.

बेर्नविन बिघडून आलाय. पाठ भिंतीला लावूनच बसतो. इब्बेने मागून येऊन वाटी ठेवली तर उठून उभाच राहिला, हातात सुरी. माझ्याशी बोलताना नजर दाराकडे. मी म्हटलं, तीन वर्षांत रीत विसरलास का. तो म्हणाला, नाही आत्या, तिथे शिकलो. टाटेने त्याचा हात धरून त्याला बाहेर नेलं आणि दोघं बागेत कोबीच्या वाफ्याशी कितीतरी वेळ नुसती बसली. मठात भावालाही इतका वेळ देत नाहीत, पण आज मी काही म्हटलं नाही.

त्याच आठवड्याचा शुक्रवार

टाटे आली आणि गुडघ्यांवर बसली. आत्या, मला तुमच्यापुढे एक कबूल करायचंय. मी विचारलं, पत्राबद्दल? हो म्हणाली. मी तिला तिथेच थांबवलं. खोटं पत्र खरं म्हणून दिलं हे तिच्या मनाला लागलंय, हे मला दिसतं. पण ते माझ्या आज्ञेवरून झालं, पाप असलंच तर माझं. आज्ञा पाळणाऱ्याने कबूल करण्यासारखं काही नसतं.

ती म्हणाली, "मी आज्ञा पाळली नाही, आत्या."

"मनातून पाळली नसशील. हातांनी पाळलीस. देव हात बघतो."

ती तशीच बसून राहिली.  मला असली रडवी धार्मिकता सहन होत नाही. पश्चात्तापाची सात स्तोत्रं म्हणायला सांगून पाठवून दिली.

ती गेल्यावर पेटी उघडून वडिलांचं पत्र बाहेर काढलं. उन्हात धरलं. वडिलांचा क्रूस मला आठवत होता त्याहून नीट दिसला. आठवण माणसाला असं फसवते; मी त्यांची जखम मनात वाढवून ठेवली असणार. चामड्याला धुराचा वास येतो. दोन्ही पत्रं एका कोठडीत होती, वास लागायचाच. देवळात मेणबत्त्यांचा धूर काय कमी असतो. अंगठा फिरवून पाहिला. मला काही कळलं नाही. म्हणजे त्या प्लेग्विनलाही काही कळत नसणार, नुसता आव.

पुन्हा घडी घालून ठेवलं. किल्ली टाटेला दिली. माझ्यानंतर हे तिनेच सांभाळायचं, तर आतापासून सवय व्हावी. ती घ्यायला तयार नव्हती. मी तिच्या गळ्यात घातली.

ईस्टरनंतरच्या पन्नासाव्या दिवसाचा सण

विगहर्ड आणि बेर्नविन सणाला आले. बापलेकांनी मिळून एक वासरू आणलं, देण्याची ऐपत नसताना. प्रार्थनेत मी नेहमीप्रमाणे म्हणवून घेतलं: आमचा राजा विगहर्ड याच्यासाठी. बायकांनी मोठ्याने म्हटलं. प्रार्थना संपल्यावर तो लंगडत माझ्याजवळ आला.

"ताई, ते नाव आता घेऊ नकोस. कुणीतरी जाऊन सांगेल."

"सांगू दे."

"मुलगा आत्ताच घरी आलाय ग."

"तुझ्या वाड्यात तू हवं ते हो," मी म्हटलं. "सरदार हो, घोडेवाला हो. इथे तू तेच आहेस जे माझ्या पेटीत लिहिलंय."

त्याने टाटेकडे पाहिलं. तिची मान खाली. गळ्यातली किल्ली तिने मुठीत धरली होती. त्याची नजर त्या किल्लीवर गेली. मग म्हणाला, "बरं. पेटीत आहे तसं असू दे. पण मनात म्हण, ताई. तोंडाने नको. माझ्यासाठी एवढं कर."

"तू माझ्यासाठी काय केलंस आजवर?" मी विचारलं.

तो हसला. तोंडात दोनच दात उरलेत, तरी हसतो. काही नाही ग, म्हणाला, आणि मुलाच्या खांद्यावर हात टाकून घोड्याकडे गेला. बेर्नविनने त्याला एकट्याने उचलून वर बसवलं.

संध्याकाळी मी ईस्टरच्या तारखांचा तक्ता काढून घेतला. त्याच्या कडेला दर वर्षाची एकेक ओळ आम्ही लिहून ठेवतो. मागच्या वर्षी होतं, मोठा दुष्काळ. त्याच्या मागच्या वर्षी, गुरांना रोग. माझं अक्षर आता वाकडं येतं, पण ही ओळ दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायची नव्हती. टाटेने दौत धरली. मी मोठ्याने म्हणत म्हणत लिहिलं:

या वर्षी हेल्सेते लोकांचा राजा विगहर्ड याने कुणालाही काहीही दिलं नाही.

टाटेच्या हातातली दौत कलंडली. शाई पसरली, अर्धीच ओळ शिल्लक राहिली.